आईचं थायरॉइडचं ऑपरेशन ठरलंय. कॅल्शियमच्या ग्रंथी वाचवतात कशा?

सेलूकर:

नमस्कार मंडळी. आम्ही सेलूचे, जिल्हा परभणी. आईचं वय ५४. गळ्याला गाठ बऱ्याच वर्षांपासून आहे, पण दुखत नव्हती, घास अडकत नव्हता, म्हणून तिनं कधी मनावर घेतलं नाही. "कापूस वेचून होऊ द्या, मग बघू" असं करत करत सुग्या निघून गेल्या. आता सोनोग्राफी केली तर उजव्या बाजूला साडेतीन सेंटीमीटरची गाठ निघाली, डाव्या बाजूलाही दोन बारक्या. सुई टाकून तपासलं, रिपोर्टावर 'बेथेस्डा ५' लिहिलंय. डॉक्टर म्हणाले, पॅपिलरी कॅन्सरचा दाट संशय आहे, पण हा कॅन्सर बरा होणारा आहे, पूर्ण थायरॉइड काढू. तिथवर आमच्या मनाची तयारी झाली.

अडकलो ते पुढं. संमतीचा फॉर्म वाचायला घेतला तर त्यात "आवाज बसू शकतो, कॅल्शियम कमी होऊ शकतं" असं लिहिलेलं. आवाजाचं समजलं, गळ्याचंच ऑपरेशन आहे. पण कॅल्शियमचं काहून? आणि मग मानवतची आमची मामी आठवली. तिचं असंच ऑपरेशन झालेलं. घरी आल्यावर दोन्ही हातांची बोटं ताठ होऊन एकमेकाला चिकटली, अंगठा आत वळला, सोडवता सुटेना. कुणाला वाटलं फिट आली, कुणी म्हणालं बाहेरचं काही आहे. अजूनही ती रोज कॅल्शियमच्या गोळ्या खाते, पर्समधी सुपारीच्या डबीत ठेवते.

मोबाइलवर शोधलं तर कळलं की थायरॉइडच्या मागं चार बारक्या ग्रंथी असतात, त्या चुकून निघाल्या नाहीतर सुकल्या की असं होतं. एका व्हिडिओत दाखवायलेत की आता कॅमेरा निघालाय, त्यात त्या ग्रंथी चमकतात. आमच्या सर्जनकडं तो कॅमेरा नाही. घरात दोन पार्ट्या पडल्यात. धाकटा भाऊ म्हणतो हैदराबादला चला, गाडी सेलूवरूनच जाते. वडील म्हणतात ज्यानं तपासलं त्यालाच करू द्या. कुणी जाणकार असेल तर सांगा, ह्या ग्रंथी खरंच कॅमेऱ्यानंच वाचतात का? आणि ऑपरेशनच्या आधी आम्ही काय विचारावं?


जालनेवाला:

कॅन्सरचा संशय म्हणल्यावर इथं काय विचारत बसलाव? सरळ मुंबईला टाटाला न्या. कॅल्शियम-बिल्शियमचं एवढं मनावर घेऊ नका. थायरॉइड काढल्यावर गोळी तर जन्मभर खायचीच आहे, एक काय न् दोन काय.


जुना_सर्जन_लातूर:

वरच्या भाऊंचं शेवटचं वाक्य वाचून राहवलं नाही, म्हणून लिहायला बसलो. आयुष्य गळ्याची ऑपरेशनं करण्यात गेलं. आता स्वतः करत नाही, पोरांच्या मदतीला उभा राहतो आणि चुका काढतो.

एक काय न् दोन काय, असं नाही हो. थायरॉइडची गोळी एक दिवस चुकली तर शरीराला पत्ताही लागत नाही, कारण ते हार्मोन रक्तात निम्मं व्हायला आठवडा घेतं. पॅराथायरॉइडचं, म्हणजे तुम्ही म्हणता त्या चार बारक्या ग्रंथींचं हार्मोन, ज्याला पीटीएच म्हणतात, ते तीन ते पाच मिनिटांत निम्मं होतं. त्या ग्रंथी दिवसभर रक्तातलं कॅल्शियम चाखत बसतात. जरा कमी झालं की हार्मोन सोडतात, हाडातून थोडं काढून घेतात, मूत्रपिंडाला सांगतात की लघवीवाटे जाऊ देऊ नको, आणि ड जीवनसत्त्वाला कामाला लावून आतड्यातून जास्त ओढून घेतात. हे सगळं गोळीला जमत नाही. गोळी पोटात पडली की कॅल्शियम वर जातं, चार-सहा तासांनी खाली येतं. शिवाय मूत्रपिंडाला अडवणारं कुणी उरलेलं नसतं, त्यामुळं कॅल्शियम लघवीतून जातं आणि वर्षानुवर्षं असं चाललं की मुतखडे होतात, मूत्रपिंड खराब होतं. रक्तातलं कॅल्शियम फार दिवस कमी राहिलं तर डोळ्यात मोतीबिंदू लवकर येतो. मानवतच्या मामींची रक्ताबरोबर २४ तासांच्या लघवीतली कॅल्शियमची तपासणी कुणी केली नसेल तर करून घ्या. अशांचं रक्तातलं कॅल्शियम मुद्दाम नॉर्मलच्या खालच्या टोकाला ठेवतात. पुरतं वर न्यायला गेलं की मूत्रपिंडाला त्रास.

आता ग्रंथींकडं येतो. बहुतेकांना चार असतात, थायरॉइडच्या पाठीमागं, दोन वर, दोन खाली. आपल्याकडच्या तुरीच्या डाळीएवढी एकेक. वजन ३० ते ५० मिलिग्रॅम. वरच्या दोन बऱ्यापैकी जागेवर सापडतात. आवाजाची नस आणि थायरॉइडची खालची रक्तवाहिनी जिथं एकमेकींना ओलांडतात, त्याच्या आसपास साधारण एका सेंटीमीटरच्या आत, नसेच्या मागच्या अंगाला. खालच्या दोन मात्र भटक्या. पोटातल्या बाळात त्या थायमसबरोबर मानेतून खाली सरकतात, आणि कुठं थांबतील ते सांगता येत नाही. कधी थायरॉइडच्या खालच्या टोकाला, कधी छातीच्या तोंडाशी, क्वचित थायरॉइडच्या पोटात.

त्या ओळखायच्या कशा, हे मी पोरांना पुस्तकातून कधी शिकवू शकलो नाही, टेबलावरच दाखवावं लागतं. मानेतली चरबी फिकी पिवळी, ढिली असते, चिमट्यानं धरली की तिचा आकार बिघडतो. ग्रंथीचा रंग त्यापेक्षा गडद, मोहरीच्या चटणीकडं झुकणारा तपकिरी, कडा साफ, आणि चरबीच्या पिशवीत ती थोडी इकडंतिकडं सरकते. लिम्फची गाठ त्याहून पांढरट आणि कडक. हात लागला, ओढाताण झाली की ग्रंथीचा रंग दोन मिनिटांत काळपट पडतो. म्हणून पहिली नजर महत्त्वाची. रक्त सांडलं की सगळं एकाच रंगाचं होतं आणि मग कुणालाच काही दिसत नाही. चांगला सर्जन गळ्यात सगळ्यात जास्त वेळ घालवतो तो रक्त न सांडण्यात.

आणि नुसती ओळखून भागत नाही. लोकांना वाटतं, सर्जननं ग्रंथी बघितली, बाजूला ठेवली, वाचली. तसं असतं तर हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीच संपला असता. ग्रंथीला रक्त पुरवणारी एकच केसासारखी वाहिनी असते, बहुतेकदा थायरॉइडच्या खालच्या धमनीची शेवटची फांदी. दुसरीकडून रक्त येण्याची सोय फारशी नसते. ती फांदी तुटली, बांधली गेली किंवा कॉटरीच्या, म्हणजे रक्त थांबवायच्या मशीनच्या, उष्णतेनं भाजली की ग्रंथी जागेवर दिसते खरी, पण मेलेली असते.

म्हणून मूळ धमनी दूर लांबवर एकदाच बांधून मोकळं व्हायचं, ही जुनी सवय सोडावी लागली. अमेरिकेत हॉलस्टेड नावाचे सर्जन होते. त्यांनी १९०७ साली सहकाऱ्यासह ह्या ग्रंथींच्या रक्तवाहिन्या शोधून काढल्या आणि सांगितलं की बांधायचं ते ग्रंथीच्या पलीकडं, थायरॉइडच्या अंगाशी. आजही तेच करतो आम्ही. थायरॉइड बोटानं मधल्या बाजूला वळवून घ्यायची, तिच्या अंगावरचा पातळ पडदा धरून चालायचं, धमनीच्या बारक्या फांद्या थायरॉइडमध्ये शिरतात तिथंच एकेक बांधायच्या, आणि ग्रंथी तिच्या चरबी-वाहिनीसकट हळूच बाहेरच्या बाजूला उतरवून ठेवायची. त्या भागात सक्शनची नळी थेट लावायची नाही, ओल्या गॉजनं टिपायचं. उष्णतेची मशीन चार-पाच मिलिमीटर लांब ठेवायची, नाहीतर साधा धागा वापरायचा. धाग्याला वेळ लागतो, भूलतज्ज्ञ घड्याळ बघतात. बघू द्या.

गंमत म्हणजे ह्या ग्रंथी माणसात सापडायच्या आधी गेंड्यात सापडल्या. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात भारतातून नेलेला एक गेंडा मेला, तो १८५० च्या सुमारास रिचर्ड ओवेन यांनी फाडून तपासला, आणि थायरॉइडला चिकटलेला एक लहान पिवळट गोळा टिपून ठेवला. माणसातल्या चारही ग्रंथींचं नीट वर्णन १८८० साली स्वीडनच्या इवार सँडस्ट्रॉम यांनी छापलं, ते तेव्हा उप्सालात शिकत होते. पण त्या काय काम करतात हे कुणाला ठाऊक नव्हतं. तोवर युरोपात थायरॉइडची ऑपरेशनं धडाक्यात चालू होती आणि व्हिएन्नात बिलरोथ नावाच्या सर्जनच्या रुग्णांचे हात, मामींचे वळले तसे, वळत होते. कोखर नावाचे स्विस सर्जन अगदी बारीक, रक्त न सांडता काम करायचे. त्यांच्या रुग्णांत हा त्रास कमी दिसायचा. त्यांना १९०९ साली नोबेल मिळालं. तेव्हा कॅमेरा नव्हता, हे धाकट्या भावाला सांगा.

कॅमेऱ्याबद्दल वाईट बोलत नाही. चीज चांगली आहे. इन्फ्रारेडच्या जवळचा, डोळ्याला न दिसणारा प्रकाश टाकला की ह्या ग्रंथी कुठलाही रंग न टोचता आपसूक उजळतात. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या लोकांनी हे शोधलं आणि २०१८ साली तिथल्या औषध प्रशासनानं दोन यंत्रांना परवानगी दिली. फ्रान्समध्ये २४१ रुग्णांवर चाचणी झाली, निष्कर्ष २०२० साली छापले: ऑपरेशननंतर तात्पुरतं कॅल्शियम उतरण्याचं प्रमाण साध्या डोळ्यांनी २१.७ टक्के, कॅमेऱ्यानं ९.१ टक्के. म्हणजे फरक पडतो. पण कायमचं नुकसान कमी झालं, हे त्या चाचणीत सिद्ध झालं नाही. कारण सोपं आहे: ह्या उजेडात मेलेली ग्रंथीसुद्धा चमकते. कापून ताटात काढून ठेवली तरी चमकते. ग्रंथी कुठं आहे ते कॅमेरा सांगतो, तिला रक्त पोचतंय का ते सांगत नाही. त्यासाठी शिरेतून हिरवा रंग टोचून दुसऱ्या पद्धतीनं बघावं लागतं. आणि ग्रंथीवर थायरॉइड किंवा जाड चरबी असेल तर ती आधी बाजूला करावी लागते, उजेड काही आरपार जात नाही.

रक्त तुटलेली ग्रंथी फेकून देत नाहीत, हे पण सांगतो. थायरॉइड बाहेर आली की ती फॉर्मलीनच्या डब्यात टाकण्याआधी उलटीपालटी करून बघायची. मागच्या पडद्याला एखादी ग्रंथी चिकटून आली असेल तर ती काढून थंड सलाइनमध्ये ठेवायची, कोपऱ्याचा कण पॅथॉलॉजिस्टला दाखवून खात्री करायची की ही ग्रंथीच आहे, कॅन्सरची गाठ नाही. मग मिलिमीटरभराचे तुकडे करून मानेच्या बाजूच्या स्नायूत कप्पा करून रुजवायचे आणि तिथं खुणेचा टाका घालायचा. काही आठवड्यांत तुकडे काम करायला लागतात. सगळे रुजतातच असं नाही, पण फेकलेल्यापेक्षा बरं.

आता सेलूकर, हैदराबादचं. मी तुमच्या जागी असतो तर कॅमेरा आहे का, हे शेवटी विचारलं असतं. आधी विचारा, तुम्ही वर्षाला थायरॉइडची किती ऑपरेशनं करता? अमेरिकेत २०१७ साली छापलेल्या मोठ्या अभ्यासात वर्षाला २५ पेक्षा जास्त थायरॉइड पूर्ण काढणाऱ्यांच्या हातून गुंतागुंत कमी होते, असं निघालंय. मग विचारा, ऑपरेशननंतर पीटीएच तपासता का, आणि आकडा कमी आला तर काय करता? ज्याला ह्याचं उत्तर तोंडपाठ आहे, तो परभणीतला असो की संभाजीनगरचा, त्याच्याकडं आईला झोपवायला मला भीती वाटणार नाही. प्रश्न विचारल्यावर जो चिडतो, त्याच्याकडं कॅमेरा असला तरी उठून या.

आणखी एक. मानेतल्या मधल्या भागातल्या लिम्फच्या गाठी काढणार आहेत का, हे पण विचारा. त्या काढल्या की खालच्या दोन ग्रंथींना धोका वाढतो. गाठीत कॅन्सर दिसत असेल तर काढाव्याच लागतात, तिथं घासाघीस नाही. पण "असू द्या, जाता जाता काढून टाकतो" असं असेल तर का म्हणून विचारा.


अंबाजोगाईची_बाई:

मी शिक्षिका आहे, माझं पूर्ण थायरॉइड काढलंय. डॉक्टरसाहेबांनी आतलं सांगितलं, मी बाहेरचं सांगते.

ऑपरेशन छान झालं, दुसऱ्या दिवशी रक्त तपासलं तर कॅल्शियम ८.६, "एकदम नॉर्मल" म्हणाले, सुट्टी दिली. दवाखान्याचं नाव घेत नाही. डिस्चार्ज कार्डावर टाके, ड्रेसिंग, थायरॉइडची गोळी, सगळं होतं; कॅल्शियमचा शब्द नव्हता. तिसऱ्या रात्री ओठांभोवती मुंग्या यायला लागल्या. आधी वाटलं ओठ कोरडे पडले, तूप लावलं. मग बोटांची टोकं बधिर. पोळी लाटायला गेले तर लाटण्यावर हात आखडला आणि सोडायलाच तयार नाही. सासूबाई म्हणाल्या अशक्तपणा आहे, गूळ-शेंगा खा. आमच्या शेजारी स्वामी रामानंद तीर्थ मेडिकलमधली एक सिस्टर राहते, तिनं कानासमोर गालावर बोटानं टिचकी मारली तर ओठाचा कोपरा उडाला. ती म्हणाली, वहिनी, चला, आत्ता. शिरेतून कॅल्शियम हळूहळू सोडलं, छातीला ईसीजीच्या तारा लावून. अर्ध्या तासात हात मोकळा.

सेलूकर दादा, ऑपरेशन झाल्यावर आईला विचारत राहा: ओठाला मुंग्या आहेत का, बोटांना आहेत का. "आसू दे" म्हणणाऱ्या बाया हे सांगत नाहीत, मी पण सांगितलं नव्हतं. कॅल्शियम सगळ्यात खाली जातं ते दुसऱ्या-तिसऱ्या-चौथ्या दिवशी, तेव्हा माणूस घरी असतो. माझ्या ग्रंथी दोन महिन्यांनी जाग्या झाल्या, आता फक्त थायरॉइडची गोळी.


नांदेड_मेडिकलवाला:

फार्मासिस्ट आहे, दुकान आहे. काउंटरवर रोज जे बघतो तेवढंच लिहितो.

कॅल्शियमच्या गोळीवर मोठ्या अक्षरात १२५० लिहिलेलं असतं, ते कॅल्शियम कार्बोनेटचं वजन. त्यात खरं कॅल्शियम ५०० मिलिग्रॅम. डॉक्टरनं "एक ग्रॅम" म्हणलं की कुठला ग्रॅम, ते विचारून घ्या, नाहीतर निम्माच डोस जातो. कार्बोनेट जेवणासोबत घ्यायची, तिला पोटातलं आम्ल लागतं. ऑपरेशननंतर सगळेच ॲसिडिटीची गोळी पण लिहून देतात. ती चालू असेल तर कार्बोनेट नीट शोषली जात नाही, डॉक्टरला विचारून सायट्रेट घ्या.

दुसरी गल्लत डी व्हिटॅमिनची. साठ हजारची आठवड्याची पुडी वेगळी आणि कॅल्सिट्रिऑलची ०.२५ मायक्रोग्रॅमची छोटी कॅप्सूल वेगळी. लोक येतात न् म्हणतात, "डी आहे ना, पुडी घरी पडलीय, कॅप्सूल राहू द्या." नाही चालत. पुडीतलं डी कामाला लावायला पीटीएच लागतं, आणि ऑपरेशननंतर तेच कमी असतं. कॅप्सूलमधलं तयार असतं. आणि उलट, बरं वाटायला लागल्यावर कॅप्सूल आपल्या मनानं महिनोन्‌महिने चालू ठेवणारे पण आहेत, त्यांचं कॅल्शियम वर जातं. चिठ्ठी जुनी झाली की मी देत नाही, मग शिव्या खातो.


सेलूकर:

सगळ्यांचे आभार. काल सर्जनकडं जाऊन आलो. भीत भीतच विचारलं, पण ते चिडले नाहीत. वर्षाला किती करता त्याचं उत्तर पन्नासच्या पुढं आलं. पीटीएच ऑपरेशनच्या दिवशीच संध्याकाळी तपासतात म्हणाले. मानेतल्या गाठी सोनोग्राफीत दिसत नाहीत, आत बघून ठरवू म्हणाले. भाऊ थोडा थंड झालाय. जालनेवाले भाऊ, टाटाचं मनात आहे, बायोप्सीचा पूर्ण रिपोर्ट आला की तिथं दाखवून आणू.

त्यांनी आईचं डी व्हिटॅमिन तपासायला लावलं, ते ११ आलं. दिवसभर रानात उन्हात राहणाऱ्या बाईचं डी कमी कसं, हे काही समजलं नाही. पुड्या चालू केल्यात, ऑपरेशन थोडं पुढं ढकललंय. हे ढकलणं धोक्याचं तर नाही ना? आणि माझी बायको विचारायलीय की अर्धीच थायरॉइड काढली तर ग्रंथींचा प्रश्नच येणार नाही, मग अर्धी का नाही? शेवटचं, घरी म्हैस आहे. आईला दूध वाढवलं तर गोळ्या कमी लागतील का?


जुना_सर्जन_लातूर:

उन्हाचं आधी. रानातली बाई डोक्यावरून पदर, अंगात पूर्ण बाह्यांचं पोलकं, वरून नवऱ्याचा जुना शर्ट घालून कापूस वेचते. ऊन लागतं ते चेहऱ्याला आणि मनगटाला. आपला सावळा रंग आणि जेवणात डी नसणं हे त्याच्या जोडीला. ११ बघून मला नवल वाटलं नाही. ड कमी असताना ऑपरेशन केलं की ग्रंथी जरा जरी दुखावल्या तरी कॅल्शियम धाडकन उतरतं, कारण आतड्यातून ओढून घ्यायची सोय आधीच लंगडी असते. पॅपिलरी कॅन्सर सावकाश वाढणारा असतो, काही आठवड्यांनी बिघडत नाही. महिने मात्र जाऊ देऊ नका. सोयाबीन निघू द्या, मग बघू, हे आता नको.

सूनबाईंचा प्रश्न हुशारीचा आहे. एकाच बाजूला गाठ, चार सेंटीमीटरच्या आत, बाहेर कुठं पसरलेली नाही, अशा वेळी अर्धी काढणं अमेरिकन थायरॉइड असोसिएशननं २०१५ पासून मान्य केलंय. मग दुसऱ्या बाजूच्या दोन ग्रंथींना हातही लागत नाही, आणि दोन चांगल्या ग्रंथी माणसाला पुरतात. एक धड असली तरी बहुतेकांचं भागतं. पण तुमच्या आईंच्या डावीकडं पण गाठी आहेत. त्या कशा दिसतात, त्यांना सुई टाकली का, हे सर्जनना विचारा. डावीकडच्या गाठी साध्या आहेत असं खात्रीनं निघालं तर हा विषय काढायला हरकत नाही. संशय असेल तर पूर्णच.

अंबाजोगाईच्या ताईंनी सांगितलेलं घरात सगळ्यांना वाचून दाखवा. सुट्टीआधीचं कॅल्शियम ८.६ म्हणजे काही कळत नाही, कारण ते उतरायला वेळ लागतो. पीटीएच त्याच दिवशी खरं बोलतं. ते १५ पिकोग्रॅमच्या वर असेल तर सहसा निभावतं. त्याखाली असेल तर मुंग्यांची वाट न बघता कॅल्शियम आणि कॅल्सिट्रिऑल चालू करून मगच घरी पाठवतात. एकुणात चार-पाच रुग्णांत एकाला असा तात्पुरता त्रास होतोच, अनुभवी हातातसुद्धा. कायमचा राहतो तो शंभरात एक ते तिघांना. सहा महिने होऊनही पीटीएच वर आलं नाही तर कायमचा धरतात, काही जण वर्षभर थांबतात. कॅल्शियम देऊनही वर येत नसेल तर मॅग्नेशियम तपासायला सांगा, ते फार कमी असलं की ग्रंथी हार्मोन सोडत नाहीत.

म्हशीचं. दूध प्यायला बंदी नाही, पण गोळीच्या जागी दूध धरू नका. दुधात कॅल्शियमबरोबर फॉस्फरस पण भरपूर येतो. पीटीएच नसलं की मूत्रपिंड फॉस्फरस बाहेर टाकत नाही, तो रक्तात साठतो. साठलेला फॉस्फरस कॅल्शियमला बांधून ठेवतो आणि ताळमेळ आणखी बिघडतो. आईंच्या ग्रंथी धड राहिल्या तर हवं तेवढं पिऊ द्या.

थायरॉइडची गोळी पहाटे उपाशीपोटी, कॅल्शियम तिच्यानंतर किमान चार तासांनी. सकाळची न्याहारी लवकर होत असेल तर कॅल्शियमची पहिली गोळी दुपारच्या जेवणाला सरकवा. दोन्ही एकत्र घेतल्या की थायरॉइडची गोळी नीट शोषली जात नाही, टीएसएच (थायरॉइड कमी पडलं की वाढणारा रक्तातला आकडा) वर जातं आणि डॉक्टर डोस वाढवत बसतात.

पीटीएचचा रिपोर्ट आला की आकड्याबरोबर एकक पण इथं टाका. काही लॅब पिकोग्रॅममध्ये देतात, काही पिकोमोलमध्ये. पिकोमोलमधला १.६ म्हणजे पिकोग्रॅममधला १५. मागं एकानं दीड बघून घाबरून रात्री अकराला फोन केला होता.